नाताळाचं निर्माल्य

आमच्या घरमालकांविषयी लिहायचं तर थोडं हसावं लागणार, आणि मोठ्या माणसाला हसलो की मला पुढं चार दिवस चुटपुट लागते. त्यांना हे ठाऊक होतं. बेळगावच्या कॅम्पात त्यांच्या चाळीत मी राहायला गेलो त्या पहिल्याच महिन्यात त्यांच्यापुढं जाऊन मी कबूल केलं होतं, की काल आंघोळीला मी एक बादली पाणी जास्त घेतलं. ते ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, बाहेर ये. नवीन मास्तर बादलीचा गुन्हा कबूल करायला आल्यात."

मग मला म्हणाले, "मास्तर, ते पाणी तुमच्या अंगावरनं न्हाणीतनं माझ्या केळीलाच गेलं न्हवं? केळीची काय तक्रार न्हाय. मग तुम्ही कशाला तोंड पाडताय?"

त्यांना सगळे आण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला आक्का. मीही तेच म्हणू लागलो. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले होते. एवढ्या मोकळेपणानं माझी चेष्टा करणारं वडीलधारं माणूस मला तोवर मिळालंच नव्हतं.

आण्णा निपाणीपलीकडच्या एका जैन शेतकरी घरातले. घरची तंबाखूची मोठी वखार होती. भाऊ त्यात गबर झाले, आण्णा मात्र त्यातून बाहेर पडले. कारण विचारलं की सांगत, "तंबाखूचं पाणी शिंपडलं की पिकावरचे किडे मरत्यात. जे किड्याला सोसत न्हाय ते मी माणसाला विकू?" आक्का आतून म्हणायची, "खरं सांगा की. वखारीत पाऊल टाकलं की शिंका थांबायच्या न्हाईत, म्हणून आलाय पळून." त्यावर आण्णांचं ठरलेलं उत्तर असे, "अदेल्ला इरलि." ते सगळं राहू द्या. कानडीतलं हे एवढं एक वाक्य ते कुठल्याही अडचणीतून बाहेर पडायला वापरत. आपल्या वाटणीच्या बदल्यात त्यांनी कॅम्पाच्या कडेला ही बैठी चाळ घेतली आणि तिच्या मागचं परडं. चाळ भाडेकरूंना दिली. परडं स्वतःला ठेवलं.

त्या परड्यात काय नव्हतं? फुटकी घागर होती, तिच्यात पुदिना होता. मोडक्या छत्रीवर कारल्याचा वेल चढवला होता. कुणी काही टाकून दिलेलं आण्णांना बघवत नसे. टाकणारा माणूस दुष्ट असतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तो फक्त घाईत असतो, असं ते म्हणत, आणि त्याच्या वाटचा सावकाशपणा आपल्या अंगावर घेत.

वर्षाच्या सुरुवातीला मात्र हा सावकाशपणा हाताबाहेर जाई. कॅम्पात गोऱ्या सोल्जरांच्या बराकी, साहेबांचे बंगले, दोन-तीन चर्च. डिसेंबरात जिथं तिथं नाताळाचं झाड उभं राही. कुणाकडं सुरूचं, कुणाकडं ते मजल्यामजल्यानं फांद्या फुटणारं, ज्याचं नाव आम्हांला कधीच कळलं नाही. झाड तोडून दिवाणखान्यात आणायचं, त्याला चांदण्या आणि काचेचे गोळे बांधायचे, आणि नवं वर्ष लागून आठवडा झाला की माळ्याला सांगून उकिरड्यावर टाकून द्यायचं. आण्णांनी एकदा संध्याकाळी रस्त्यावरून जाताना एका बंगल्याच्या खिडकीतून आत बघितलं होतं. साहेब, मडम, पोरंबाळं हातात हात धरून झाडाभोवती उभी होती आणि गात होती. पुढच्या आठवड्यात तेच झाड त्यांना खरकट्यात उलटं पडलेलं दिसलं.

ते घरी आले ते जेवलेच नाहीत. आक्काला वाटलं, पोटात दुखतंय. पण आण्णा मला म्हणाले, "मास्तर, ज्याच्यापुढं आरती म्हटली त्याला उकिरड्यावर टाकायचं? आपण निर्माल्यावर पाय देत न्हाय. वाळलेलं फूल असलं तरी नदीत सोडतो. ह्यांना कुणी शिकवलं न्हाय काय?"

मी म्हणालो, "आण्णा, ते झाड म्हणजे त्यांचा देव नव्हे."

"तुम्ही बघितलंय काय त्यांना आरती म्हणताना?"

मी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते हातगाडी घेऊन बंगल्याबंगल्याच्या मागच्या दाराशी हिंडू लागले. अंगात काळा कोट, स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल आणि पायांत काही नाही. निर्माल्य उचलायला जाताना वहाणा कशा घालायच्या? बटलरांना वाटलं, कुणी नवा भंगारवाला. एका मडमेनं झाड नेल्याबद्दल आणा देऊ केला तेव्हा आण्णांनी तो परत तिच्या हातावर ठेवला आणि नमस्कार केला. तिला काही कळेना. तिनं दोन आणे काढले.

त्या पहिल्या वर्षी त्यांनी त्या झाडांचं काय करावं? विसर्जन केलं. किल्ल्याजवळच्या तळ्यात, नारळ फोडून, रीतसर. मी बरोबर होतो. नको म्हणायचं माझ्या मनात होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो आणि गप्प राहिलो म्हणून मलाच वाईट वाटत राहिलं. मूर्ती मातीची असते, ती विरघळते. झाड लाकडाचं. ते कसं बुडणार? दुसऱ्या सकाळी तळ्यावर एक छोटं रान तरंगत होतं, आणि मधल्या एका झाडाच्या शेंड्यावर विसरून राहिलेली सोनेरी कागदाची चांदणी उन्हात चमकत होती. घोड्यावरून फेरफटक्याला निघालेल्या कुणा साहेबानं ते पाहिलं. दुपारी आण्णांना बोलावणं आलं, आणि इंग्रजी येतं म्हणून मला.

टेबलापलीकडचा साहेब तांबडालाल झाला होता. हा काय प्रकार आहे, असं त्यानं विचारलं.

"साहेबास्नी सांगा," आण्णा म्हणाले, "तुमच्या देवाचं विसर्जन तुम्ही करायचं विसरलात, म्हणून मी केलं. रागावू नका. पुढच्या वर्षी आठवण करीन."

हे इंग्रजीत सांगताना माझ्या जिभेला फोड आले. मी शक्य तेवढं मऊ करून सांगितलं. साहेब म्हणाला, ते झाड देव नाही, नुसती शोभा आहे. मी ते मराठीत आण्णांना सांगितलं.

"शोभा?" आण्णा चकित झाले. "शोभेपुढं हात धरून उभं राहत्यात? मास्तर, साहेब अजून पोरगेला हाय. त्याच्या आईला म्हाईत असंल. त्याला म्हणावं, आईला लिहून विचार."

हे मी भाषांतर केलं नाही. साहेबानं झाडं बाहेर काढायचा हुकूम दिला आणि आम्ही ती काढली. ओली झाडं कोरड्या झाडांपेक्षा किती जड असतात हे मला त्या दिवशी कळलं. आण्णा मात्र गुडघाभर पाण्यात उभे राहून खुशीत होते. म्हणाले, "पाण्यानं घेतलं न्हाय. म्हणजे मातीला पायजे."

तेव्हापासून ती झाडं परड्यात येऊ लागली. पण सरळ नाही. आधी प्रत्येक झाड एका पांढऱ्या धोतरावर आडवं धरून हलक्या हातानं झटकायचं. त्यातून मुंग्या, कोळी, कसल्याशा हिरव्या अळ्या पडत. धोतराची चारी टोकं धरून आण्णा ते कुंपणाच्या निवडुंगाशी नेत आणि उतरवत. "उतरा, उतरा, आलं गाव," असं वर म्हणत. सगळे उतरल्याची खात्री झाल्याशिवाय फांदीला कोयता लावायचा नाही. एका झाडाला अर्धा दिवस जाई. बंबात घालायला लाकूड मागणाऱ्या भाडेकरणी ताटकळत उभ्या राहत, आणि आण्णा सांगत, "जरा थांबा. ह्या कोळ्याचा पाय अडकलाय."

मग वाटणी होई. सुयांसारखा पाला कलमांच्या आळ्यात. तो पसरला की उन्हाळ्यात माती लवकर सुकत नाही, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. थोडा गाईच्या गोठ्यात, तिच्या पायांखाली. तिथून तो शेणासकट खड्ड्यात, आणि खड्ड्यातून पुन्हा झाडाला. काटक्या वाटाण्याच्या वेलांना. जाड खोडं कुंपणाला आणि उरलंसुरलं बंबात. पुढच्या थंडीत त्या वेलांना शेंगा लागल्या की पहिली ओंजळ ज्या बंगल्यातून झाड आणलं त्या बंगल्याच्या मागच्या दारी जाई. "तुमच्या झाडाचा प्रसाद" म्हणून. साहेबांची बदली झालेली असे. नव्या मडमेला हा कसला वाटाणा ते कळत नसे, पण ती ठेवून घेई.

एकदा एका फांदीत काचेचा एक निळा गोळा अडकून राहिलेला सापडला. आण्णा तो उपरण्यात गुंडाळून, अंडं नेल्यासारखा दोन्ही हातांत धरून, भर दुपारी कॅम्पातून बंगले शोधत हिंडले. कुणीच आपला म्हणेना. शेवटी त्यांनी तो आक्काच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. आक्का म्हणाली, "आता ह्याची बी पूजा करू काय?" आण्णा म्हणाले, "पूजा नको. धूळ तेवढी पुसत जा."

ताकाच्या रवीची गोष्ट तर आमच्या चाळीत कुणी विसरलं नसेल. त्या मजल्यामजल्याच्या झाडाला एकाच ठिकाणी गोलात फांद्या फुटतात. तो गोल खोडासकट कापला, साल काढली, फांद्या बोटभर ठेवल्या की ताक घुसळायची रवी तयार. आण्णांनी प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक करून दिली. रवी सुरेख दिसायची. पण लाकडातला चीक काही लवकर जात नव्हता. त्या वर्षी सगळ्या चाळीचं ताक नव्यानं रंगवलेल्या दारासारखं लागायचं. कुणी बोलेना, कारण आण्णा प्रत्येक घरी येऊन वाटीभर पिऊन बघत आणि मान डोलवत. शेवटी न राहवून मीच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला बी पहिल्या दिवशी कळलंय, मास्तर. पण तुम्ही एवढं गोड तोंड करून पीत होता, म्हटलं आवडलं असंल."

आक्काचा ह्या सगळ्याला विरोध होता असं म्हणता येणार नाही. जानेवारी लागला की परड्यातून जाताना लुगडं फांद्यांत अडके आणि ती मोठ्यानं म्हणे, "दुसऱ्यांच्यात पोरं असत्यात, आमच्यात झाडं हैत. ती बी लोकांनी टाकलेली." हे ती हसत म्हणायची. आण्णा मात्र त्यावर कधी "अदेल्ला इरलि" म्हणाले नाहीत. खाली बघून काटक्या सोलत राहायचे.

माझं लग्न ठरलं ते महायुद्धाच्या वर्षांत. मुलगी कडोलीची. सासरे गावचे पाटील, चांगले जमीनदार शेतकरी, अंगानं आडवे, डोक्याला मोठा पटका, आणि देवाधर्माला काटेकोर. आमच्यात लग्न नवऱ्यामुलाच्या दारात लागतं. मला तर दार असं नव्हतंच, भाड्याची एक खोली होती. आण्णांना विचारायला गेलो आणि उंबऱ्यातच अडखळलो. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या दारात की. त्यात काय विचारायचं?" आक्कानं त्याच दिवशी पापडाचं पीठ भिजवलं.

अडचण मांडवाची होती. बांबू आणि ताडपत्री लष्कराच्या ठेकेदारांनी गोळा करून नेलेली. बाजारात फिरून फिरून आम्हांला चार बांबू मिळाले, तेही किडके. लग्न माघातलं, म्हणजे नाताळ होऊन गेलेला. आणि युद्धामुळं कॅम्पात सोल्जर एवढे वाढलेले की त्या वर्षी आण्णांच्या परड्यात झाडांचा डोंगर झाला होता. मी त्या डोंगराकडं बघितलं नाही. पण आण्णा माझ्याकडं बघत होते.

"आण्णा, नको," मी म्हणालो. "सासरे जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी लग्न मोडलं तर मी कुठं जाऊ?"

"मोडत्यात कशानं? पाला तो पाला. बघा तर खरं आधी."

आणि खरोखर, बघत राहावं असा मांडव झाला. खोडांचे खांब, चार किडक्या बांबूंवर आडव्या-उभ्या फांद्या, वर पाला दाट विणलेला, पुढं आंब्याचं तोरण. आत शिरलं की गारवा आणि कसलासा रानटी, चिकाचा वास. आण्णांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, सासऱ्यांना मी सांगतो. लपवायचं न्हाय, पण येळ बघून सांगायचं. लग्न लागलं, जेवणं झाली, की मी त्यांच्याजवळ पान घेऊन बसतो आणि सगळं सांगतो. तवर तुम्ही तोंड उघडायचं न्हाय. जमंल काय?"

मी जमेल म्हणालो. माझ्या आयुष्यातलं एवढं धडधडीत चुकलेलं उत्तर दुसरं नसेल.

वऱ्हाड सकाळी बैलगाड्यांतून आलं. सासरे मांडवात शिरले, पटका काढून घाम पुसला आणि वर बघत म्हणाले, "वा! काय गार मांडव हाय वो! कसला पाला म्हणायचा ह्यो, मास्तर?"

मी पाटावर होतो, अंगाला हळद लागलेली. सासऱ्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला ते सोसेना. हा माणूस मला आपली मुलगी देतोय आणि मी त्याला पाल्याचं नावसुद्धा सांगत नाही, असं वाटलं. समोरून आण्णा डोळ्यांनी खुणावत होते. मी म्हणालो, "मामा, ही नाताळाची झाडं आहेत. साहेबांनी टाकून दिलेली."

सनईवाल्यानं फुंकर आवरली.

"किरिस्तावाच्या देवाम्होरची?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"उतरलेली?"

"हो."

आण्णांनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी पटका पुन्हा डोक्याला बांधला, आणि तो बांधायला त्यांनी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी माझं सगळं ब्रह्मचर्य डोळ्यांपुढं पाहिलं.

"दुसऱ्याच्या देवाचं उतरलेलं माझ्या पोरीच्या डोक्यावर न्हाय चालायचं," ते म्हणाले. "मांडव उतरवा, न्हायतर गाड्या जुंपतो."

आण्णा पुढं आले. "पाटील, तुमच्या देवाचं निर्माल्य तुम्ही कुठं टाकता?"

"मळ्यात. हिरीच्या कडंला."

"मग ह्यांच्या देवाचं कुठं टाकायचं?"

"त्यांचं त्यांनी बघावं की!"

"ते बघत न्हाईत. उकिरड्यावर टाकत्यात. म्हणून मी बघतो."

"बघा की मग. परड्यात बघा. माझ्या पोरीच्या लग्नात कशाला?"

आण्णांनी वर पाल्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ते "अदेल्ला इरलि" म्हणून आत निघून जातील आणि मी हळद लावून तिथंच बसून राहीन. पण ते म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. मांडव दुसरा करता येतोय, पोरगी दुसरी आणता येत न्हाय. मी उतरवतो."

त्यांनी वहाणा काढल्या, कोट काढला, स्टूल घेतलं. पहिली फांदी सोडवली, कपाळाला लावली. मग आक्काला हाक मारली, "माझं पांढरं धोतर आण."

धोतर अंथरलं गेलं. फांदी झटकली. सासरे बघत होते. आण्णा उकिडवे बसले आणि मांडव झाल्यावर पुन्हा चढलेल्या, आता धोतरावर पडलेल्या मुंग्या एका बाजूला घेऊ लागले. मग धोतराची टोकं धरून संथपणे कुंपणाशी गेले. "उतरा, उतरा, आलं गाव." परत आले. दुसरी फांदी.

सासऱ्यांनी मला विचारलं, "हे काय चाललंय?"

"मुंग्या उतरवतायत. जैन आहेत ते. जीव मरायला नको."

"सगळ्या फांद्यांच्या?"

"सगळ्या."

सासऱ्यांनी मांडवाकडं एकदा नजर फिरवली. तेवढ्यात खोलीतून आक्का आली आणि म्हणाली, "पाटील, आतनं तुमच्या लेकीचा निरोप हाय. म्हणती, मांडव उतरवायचा तर उतरवा, पण आदी जेवायला वाढा. पहाटेपासनं उपाशी हाय मी." वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. सासरे हसले नाहीत. ते आण्णांच्या मागोमाग कुंपणापर्यंत जाऊन आले. तिथं काय बघितलं कुणास ठाऊक. दुसऱ्या खेपेलाही गेले. तिसऱ्या खेपेला मात्र ओरडले, "अवो, असं एकेक मुंगी पोचवत बसलासा तर मुहूर्त पुढच्या माघात जाईल!"

"घाई करून कसं चालंल?" आण्णा वर न बघता म्हणाले. "ह्यांची बी बिऱ्हाडं हैत."

सासरे तिथंच, निवडुंगाच्या सावलीत, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडं आले. "मास्तर, लग्न झाल्यावर माझी पोरगी कुठं ऱ्हाणार?"

"इथंच. ह्या खोलीत."

"ह्याच माणसाच्या शेजारात?"

"हो."

ते आण्णांकडं वळले. "आण्णा, ऱ्हाऊ द्या तो मांडव. मुंगीला घरापर्यंत सोडतासा तर माझ्या पोरीला काय कमी पडंल? चढवा त्या फांद्या परत. आणि सनईवाल्या, तू काय झोपलास व्हय रं?"

आण्णा म्हणाले, "पण ह्या तीन फांद्यांतल्या मुंग्या आता उतरल्यात."

"मग त्यास्नी लग्नाला बोलवा परत!"

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. वाळलेल्या सुया अक्षतांबरोबर आमच्यावर पडत राहिल्या. वाजंत्र्यांचा जोर वाढला की जास्त पडत. माझी बायको आजही म्हणते, की आपल्या लग्नात अक्षता टोचत होत्या. आण्णा सूर्यास्ताआधी जेवणारे. त्या गडबडीत त्यांचं जेवण राहिलं, आणि आपल्यामुळं राहिलं म्हणून अंतरपाटाआड मी मंगलाष्टकं ऐकायची सोडून त्याच विचारात होतो.

शेवटी झाल निघाली. बांबूच्या पाटीत पिठाचे दिवे लावतात, आणि ती पाटी नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यांवर ठेवून मुलीचे आईबाप तिला त्यांच्या पदरात घालतात. भटजींनी हाक दिली, "मुलाकडचं वडीलधारं कोण?"

कुणीच नव्हतं. एक लांबचे चुलते येणार होते, ते आले नव्हते. सासऱ्यांनी मांडवभर नजर फिरवली. आण्णा आणि आक्का मागं खांबाला टेकून उभे होते.

"आण्णा, या हिकडं. आक्का, तुम्ही बी."

आण्णा जागचे हलले नाहीत. "पाटील, आम्ही जैन. आमचं डोकं चालंल काय?"

"झाड किरिस्तावाचं चाललं आणि जैनाचं डोकं चालंना व्हय? या म्हणतो न्हवं!"

दोघं आली, शेजारी शेजारी उभी राहिली. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला. पाटी दोघांच्या डोक्यांवर ठेवली गेली आणि त्याच वेळी आम्हां सगळ्यांच्या लक्षात आलं, की दिवे जळतायत, मांडव ठेंगणा आहे आणि वर वाळलेल्या फांद्या आहेत. ज्योतीच्या जरा वर एक सुई तडतडली.

"वाका!" आक्का पुटपुटली. "अजून वाका. ताडासारखं काय उभं ऱ्हाताय!"

आण्णा गुडघ्यांत वाकले. अजून वाकले. एवढा उंच माणूस पाटी सांभाळत जवळजवळ उकिडवा झाला. सासूबाई मुलीचा हात त्यांच्याकडं देत होत्या. "लेक तुमच्या पदरात घातली," त्या म्हणाल्या. आण्णांनी तिचा हात धरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात सासऱ्यांनी डोक्याचा पटका सोडला. शेजारच्या घंगाळात बुचकळला, पिळला, आणि दोन्ही हातांनी ताणून दिव्यांच्या वर, फांद्यांच्या खाली धरला. पाणी त्यांच्या बाह्यांतून कोपरापर्यंत ओघळत होतं. भटजी थबकले तसे ते त्यांच्यावर खेकसले.

"बघत काय बसलासा? मंत्र म्हणा. आणि जरा दमानं. आमचा मांडव हाय ह्यो, ठिणगी पडता कामा न्हाय."